अमानत सांभाळणारा अभियंता

संध्याकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर गर्दी असते. कणसे भाजली जात असतात, कांदाभजीची कढई तापलेली असते, मुले धरणाच्या भिंतीकडे बोट दाखवून काहीबाही विचारत असतात. रमजानच्या महिन्यात याच गर्दीत एखादे कुटुंब खजुराचा डबा आणि पाण्याची बाटली समोर ठेवून सूर्य मावळण्याची वाट पाहत बसलेले दिसते. समोर पाणीच पाणी, घसा कोरडा, तरी बाटलीला हात लागत नाही. त्यांच्यावर कुणाचा पहारा नसतो. रोजा हा असाच असतो. तो पाळला की मोडला, हे त्या माणसाला आणि त्याच्या परमेश्वरालाच ठाऊक.

ज्या धरणासमोर हे कुटुंब बसते, तिथे सव्वाशे वर्षांपूर्वी एका अभियंत्याने पहारेकऱ्याशिवाय आपोआप उघडणारी आणि मिटणारी दारे बसवली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे त्यांचे नाव. त्यांच्या जन्मदिवशी, १५ सप्टेंबरला, देशभर अभियंता दिन साजरा होतो. त्यांची धरणे सर्वांना माहीत आहेत. त्यांनी नोकरी कशी केली, ही गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. आजच्या कचेरीत, कारखान्यात, दुकानात रोज काम करणाऱ्या माणसाला खरे तर तीच जास्त जवळची आहे.

पुण्यात घडलेला विद्यार्थी

विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६० चा, म्हैसूर संस्थानातील चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी गावचा. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे जाणकार होते, पण घरची स्थिती बेताची. वडील लवकर गेले. मुलाने बंगळुरूला एका घरी शिकवण्या करून स्वतःचे शिक्षण चालवले आणि १८८१ मध्ये बी. ए. ची पदवी मिळवली. पुढे म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर तो पुण्याला आला. तेव्हाचे कॉलेज ऑफ सायन्स म्हणजे आजचे सीओईपी. तिथे १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिला आला आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाला. पहिली नेमणूक नाशिकची होती, मग खानदेशात धुळ्याकडे.

पुण्याने त्यांना पदवी दिली, तशी माणसेही दिली. न्यायमूर्ती रानडे, गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारख्यांची ओळख इथलीच. सार्वजनिक पैसा हा आपला नसतो, तो लोकांचा असतो, हा विचार त्या काळच्या पुण्यात केवळ भाषणापुरता राहिलेला नव्हता.

आधी खरे सांगितले, मग काम केले

नोकरीच्या सुरुवातीलाच धुळ्याजवळ एका नदीपात्रातून नळाची मोरी घालण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळा लागला होता. नदीला पूर येई, खणलेला भाग वाळूने भरून जाई आणि केलेले काम पुन्हा करावे लागे. तरुण विश्वेश्वरय्यांनी वरिष्ठांना कळवले की पाऊस ओसरेपर्यंत थांबले तर खर्च वाचेल. वरिष्ठ साहेबाला हे पटले नाही. नवा मुलगा कामातून अंग काढतो आहे, असा त्याचा समज झाला.

अशा वेळी नोकरदारासमोर दोन सोपे रस्ते असतात. एक, साहेबाला आवडेल तेच कागदावर लिहायचे आणि प्रत्यक्षात काम रेंगाळू द्यायचे. दुसरा, रुसून बसायचे. विश्वेश्वरय्यांनी दोन्ही टाळले. अडचण होती तशी कळवली होती. हुकूम आल्यावर ते पुरात, चिखलात उभे राहिले आणि काम पुरे करून दाखवले. पुढे त्याच वरिष्ठाने त्यांच्याविषयी चांगला शेरा लिहिला. अहवाल आणि प्रत्यक्ष काम यांच्यात अंतर पडू द्यायचे नाही, ही सवय त्यांना इथे लागली आणि ती जन्मभर टिकली.

१८९४-९५ मध्ये त्यांना सिंधमध्ये सक्करला पाठवण्यात आले. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. गावाला सिंधू नदीचे पाणी द्यायचे होते, पण ते पाणी गाळाने भरलेले आणि गाळण यंत्रणेला पैसे नव्हते. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या वाळूतच विहीर खोदून घेतली. वाळूतून झिरपून येणारे पाणी आपोआप स्वच्छ झाले आणि तेच गावाला मिळाले. खर्चाच्या आकड्यात एखादी महागडी यंत्रणा दाखवणे अवघड नव्हते. त्यांनी स्वस्त आणि टिकाऊ उपाय शोधला, कारण खर्च होणारा पैसा सक्करच्या लोकांचा होता.

खडकवासल्याची दारे

मुठा नदीवरचे खडकवासल्याचे दगडी धरण १८७० च्या दशकात बांधले गेले. कर्नल फाइफ या अभियंत्याच्या नावावरून त्या तलावाला लेक फाइफ म्हणत. पुणे शहर आणि छावणीचे पिण्याचे पाणी आणि कालव्याखालची शेती या तलावावर अवलंबून होती. पावसाळ्यात जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात तेच कमी पडे. भिंत उंच करणे खर्चाचे होते आणि जुन्या धरणावरचा भार त्याने वाढला असता.

विश्वेश्वरय्यांनी वेगळा विचार केला. सांडव्यावर सुमारे ८ फूट उंचीपर्यंत पाणी अडवणारी दारे बसवायची. पाणी ठरलेल्या खुणेपर्यंत आले की त्याच पाण्यामुळे वजनांचा तोल बदलावा आणि दारे उघडावीत. पूर ओसरला की ती पुन्हा मिटावीत. मध्यरात्री पूर आला, पहारेकरी झोपला किंवा गैरहजर राहिला, तरी धरणाला धोका नाही. १९०३ मध्ये ही दारे बसली. भिंत न वाढवता तलावाचा साठा सुमारे चौथा हिस्सा वाढला. पुढे ग्वाल्हेरजवळचे तिगरा धरण आणि म्हैसूरचे कृष्णराजसागर इथेही अशी दारे वापरली गेली.

या रचनेचे पेटंट विश्वेश्वरय्यांच्या नावावर होते. म्हणजे सरकारने ती वापरल्याबद्दल मोबदला घेण्याचा मार्ग त्यांना खुला होता. तो कायदेशीर होता, कुणी बोट ठेवले नसते. त्यांनी तो घेतला नाही. आपण सरकारी पगारावर असताना, आपल्याच ताब्यातल्या सरकारी कामासाठी ही रचना केली, मग तिचे वेगळे पैसे कशासाठी, असा त्यांचा साधा हिशेब होता.

अरबीतून उर्दूत आणि उर्दूतून आपल्याकडे आलेला एक शब्द आहे, अमानत. दुसऱ्याने विश्वासाने आपल्याकडे सांभाळायला दिलेली वस्तू म्हणजे अमानत. इस्लाममध्ये दागिने आणि पैसे हीच अमानत नसते. हुद्दा, अधिकार, कामाचे तास, कचेरीतला कागद, हीही अमानतच. तिच्यात खोट केली तर ती खयानत ठरते, आणि खयानत करणाऱ्याचे रोजे कितीही कडक असले तरी त्याला हिशेब चुकत नाही. विश्वेश्वरय्यांनी हा शब्द वापरला असेल किंवा नसेल. खडकवासल्याला त्यांनी जे केले त्याला दुसरे नाव नाही.

पाण्याचा हिशेब

याच काळात त्यांनी नीरा कालव्यावर शेतीच्या पाण्याची पद्धत बदलली. कालव्याचे पाणी विखुरलेल्या शेतांना जाई. वरच्या टोकाचा शेतकरी उसाला भरमसाट पाणी घेई, खालच्या टोकाला पाळी येईपर्यंत पाट कोरडा पडे. काही जमिनी तहानलेल्या आणि काही पाणथळ, अशी स्थिती. जिथे माप नसते तिथे मर्जी चालते, आणि जिथे मर्जी चालते तिथे ओळखपाळख आणि चिरीमिरी आपोआप पोहोचते. हे पाटकऱ्यापासून साहेबापर्यंत सर्वांना माहीत असते.

विश्वेश्वरय्यांनी कुणाला नीतीचे धडे दिले नाहीत. त्यांनी गावागावांत जमिनीचे ठरावीक गट पाडले, कोणत्या गटाला किती पाणी आणि त्यात उसाला किती वाटा हे आधीच ठरवले. हीच ब्लॉक पद्धत. ज्यांना आजवर हवे तेवढे पाणी मिळत होते, त्यांना ती सुरुवातीला जाचक वाटली. पण माप ठरल्यावर मर्जीची जागा कमी झाली.

कुरआनच्या एका सूरहचे नावच माप मारणाऱ्यांवरून पडले आहे, अल-मुतफ्फिफीन. घेताना पुरे मापून घेणारे आणि देताना कमी देणारे असे लोक तिच्या सुरुवातीलाच समोर येतात. ही ताकीद फक्त तराजू धरणाऱ्या वाण्याला नाही. आठ तासांचा पगार घेऊन चार तास काम करणारा, दोन ट्रक वाळूच्या बिलावर दीड ट्रक उतरवून घेणारा, न पाहिलेल्या कामाच्या पाहणीवर सही करणारा, हे सगळे माप मारणारेच आहेत.

मुसीच्या काठी

१९०८ मध्ये विश्वेश्वरय्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. त्या काळी हिंदी माणसाला मुख्य अभियंत्याच्या खुर्चीवर बसवत नसत आणि हे त्यांना स्पष्ट दिसत होते. निवृत्तिवेतनाला लागणारी वर्षे भरलेली नसतानाही सरकारने त्यांना ते मंजूर केले. त्यांच्या कामाबद्दल याहून वेगळी पावती नको.

त्याच वर्षी २८ सप्टेंबरला हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसे गेली, वस्त्याच्या वस्त्या वाहून गेल्या. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावणे पाठवले. ते तेव्हा परदेशात होते. १९०९ मध्ये हैदराबादेत येऊन त्यांनी पावसाचे, नदीच्या पात्राचे, तलावांचे मोजमाप गोळा केले. शहराच्या वरच्या अंगाला धरणे बांधून पूर अडवावा, अशी योजना त्यांनी दिली. पुढे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले. नमाजी आणि पुजारी, दोघांच्याही घरात तेच पाणी पोहोचले.

दिवाणाचा दिवा

१९०९ मध्येच ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ मध्ये महाराज कृष्णराज वडियार यांनी त्यांना दिवाणपद दिले. कावेरीवरचे कृष्णराजसागर, म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ ही त्या काळातली कामे.

दिवाणपद स्वीकारण्याआधी त्यांनी नातेवाइकांना बोलावले आणि माझ्याकडे शिफारशी घेऊन येणार नसाल तरच मी हे पद घेईन, अशी अट घातली, असे सांगतात. दुसरी गोष्ट दिव्याची. रात्री सरकारी काम करताना ते सरकारी मेणबत्ती लावत, आणि खासगी पत्र लिहायला घेतले की ती विझवून स्वतःच्या पैशाची लावत. ही गोष्ट खरोखर अशीच घडली का, याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. कारण जवळपास हीच गोष्ट आठव्या शतकातले खलिफा उमर बिन अब्दुल अझीझ यांच्याविषयी मुसलमान घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, आणि तशीच चाणक्याविषयीही. एकच दिवा दमास्कस, पाटलीपुत्र आणि म्हैसूर असा फिरतो. लोक ही गोष्ट वाटेल त्या अधिकाऱ्याला चिकटवत नाहीत. ज्याच्यावर त्यांचा भरवसा असतो, त्याच्याच टेबलावर तो दिवा ठेवतात.

विश्वेश्वरय्यांचे सगळेच निर्णय सर्वांना पटले, असे नाही. सरकारी नोकऱ्यांत मागासलेल्या समाजांना राखीव जागा देण्याचा प्रश्न म्हैसुरात पुढे आला, तेव्हा निवड गुणवत्तेवरच व्हावी ही भूमिका त्यांनी सोडली नाही. ज्यांना शाळेची पायरीच चढू दिली नव्हती, त्यांना गुणवत्ता दाखवायची संधी कुठून मिळणार, हा विरोधकांचा प्रश्नही खोटा नव्हता, आणि पुढच्या काळाने तो मान्य केला. पण मतभेद झाल्यावर पदाला चिकटून राहून आतून कुरघोडी करण्याचा मार्ग त्यांनी घेतला नाही. १९१८ च्या अखेरीस ते दिवाणपदावरून बाजूला झाले. शेवटच्या दिवशी ते सरकारी गाडीने कचेरीत गेले आणि खासगी गाडीने घरी परतले, अशी आठवण सांगितली जाते.

पद गेले तरी काम थांबले नाही. तोट्यात चाललेला भद्रावतीचा लोखंड कारखाना त्यांनी १९२३ पासून काही वर्षे सांभाळला आणि रुळावर आणला. त्या कामाच्या मानधनाची रक्कम त्यांनी घरी नेली नाही, तरुणांना हातचे काम शिकवणाऱ्या संस्थेसाठी वळवली. मुंबई महापालिकेच्या खर्चात कुठे गळती आहे हे शोधणाऱ्या समितीचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. त्यांचे जवळचे स्नेही मिर्झा इस्माईल १९२६ मध्ये म्हैसूरचे दिवाण झाले आणि कृष्णराजसागराच्या पायथ्याशी वृंदावन बाग त्यांच्याच काळात फुलली. एकाने धरण बांधले, दुसऱ्याने त्याच्या पायाशी बाग लावली. १९५५ मध्ये विश्वेश्वरय्यांना भारतरत्न मिळाले.

१२ जुलै

१९६० मध्ये देशाने त्यांची शताब्दी साजरी केली, टपाल तिकीट निघाले. विश्वेश्वरय्या बंगळुरूला होते. दुसऱ्याच वर्षी खडकवासल्याचे नाव देशभर गेले, ते मात्र वाईट बातमीने.

खडकवासल्याच्या वरच्या अंगाला पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. बांधकाम पुरे झालेले नव्हते, पाणी सोडण्याच्या मोरीचे कामही अपुरे होते, तरी १९६१ च्या पावसाळ्यात त्यात पाणी साठले. भराव खचू लागला. ११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान वाळूची पोती रचत होते. १२ जुलैच्या सकाळी पानशेत फुटले. तो लोंढा खडकवासल्यावर आला आणि काही तासांत ते जुने दगडी धरणही फुटले. नारायण पेठ, शनिवार पेठ, कसबा, नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. माणसे गेली, हजारो संसार उघड्यावर आले. पाण्याने मंदिर, दर्गा, वाडा, झोपडी असा भेद केला नाही. पुढे चौकशीसाठी एकामागून एक दोन आयोग नेमावे लागले.

या आपत्तीचा दोष कुणा एकाच्या माथी मारून मोकळे होता येत नाही, आणि तिथल्या प्रत्येक अपुऱ्या कामाला अप्रामाणिकपणा म्हणणेही बरोबर नाही. पण त्या दिवसाने एक गोष्ट कायमची शिकवली. अपुऱ्या कामाला पुरे समजले की किंमत ते काम करणारा मोजत नाही. ती खालच्या अंगाला राहणारा मोजतो, ज्याने तो कागद कधी पाहिलेला नसतो आणि ज्याला सही करणाऱ्याचे नावही ठाऊक नसते.

प्रत्येक कामाला असा एक खालचा अंग असतो. औषधाच्या दुकानात मुदत संपलेली पट्टी विकणाऱ्याला तो आजारी माणूस पुन्हा भेटत नाही. बसचे ब्रेक न तपासता तपासले असे लिहिणारा त्या बसमध्ये बसत नाही. हजेरीपटावर खोटी सही करणारा मास्तर त्या वर्गातल्या पोराचे पुढे काय झाले हे पाहायला जात नाही. म्हणूनच कामातली चोरी करणाऱ्याला छोटी वाटते. तिचे पाणी कुठे पोहोचते, हे त्याला दिसत नाही.

ठरलेली खूण

विश्वेश्वरय्या एप्रिल १९६२ मध्ये गेले, शंभरी ओलांडून. खडकवासल्याचे धरण पुन्हा बांधले गेले आणि आजही पुण्याला पाणी देते. जवळच केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात धरणांच्या छोट्या प्रतिकृती करून पाण्याचा जोर मोजला जातो, म्हणजे खरे धरण बांधताना चूक होऊ नये.

माणसाचा जोर मात्र अशा प्रतिकृतीत मोजता येत नाही. त्याची परीक्षा तो एकटा असतानाच होते. साहेब रजेवर असतो, बिल कुणी तपासणार नसते, कपाटाची किल्ली आपल्याच खिशात असते. अशा वेळी पाणी खुणेपर्यंत आले की त्याच्या आतले दार आपोआप उघडते की नाही, हाच प्रश्न असतो. विश्वेश्वरय्यांचे उघडत असे.

रोजा महिनाभर याच दाराचा सराव करून घेतो. बंद खोलीत, पाण्याचा पेला हातापाशी असताना, कुणी पाहत नसताना तो पेला न उचलणारा माणूस ईदनंतर कामावर परत जातो. तिथे पेल्याच्या जागी पावती असते, हजेरीपट असतो, माप असते. त्या टेबलावर त्याने हात आखडला, तर त्याचा रमजान पुरा झाला म्हणायचा.

चौपाटीवर सूर्य धरणामागे उतरतो. मगरिबची वेळ होते. डबा उघडतो, खजूर हातोहात फिरतो, शेजारी कणीस खात बसलेल्या अनोळखी मुलाच्या हातावरही एक ठेवला जातो. मग बाटली उघडते, आणि याच तलावाचे पाणी पहिल्या घोटात घशाखाली उतरते.